सुलेखाची दहावी

माझी सून लई लांब हाताची हाय. सासूनं सुनेबद्दल आसं म्हणलं की बायांचे कान टवकारतात, त्यांना वाटतं आता हिनं घरातलं काय चोरलं. आवं, तसलं काय नाय. खरोखरचे लांब हात. माळ्यावरचा डबा ती स्टुलाबिगर काढती आन मी स्टुलावर चढून बी चाचपडत बसते.

ह्या हातांनीच तिचा घात केला. तिचं माहेर खुलताबादच्या पलीकडच्या खेड्यातलं. त्या काळात जन्मतारीख कुणाला माहीत आसायची? शाळेत नाव घालायला पोर आणलं की मास्तर म्हणायचा, उजवा हात डोक्यावरून घे आन डावा कान धर. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षाचं झालं, घ्या पहिलीत. नाय लागला तर जा घरी, पुढच्या साली ये. सुलेखा चार वर्षाची, थोरल्या भावाच्या मागं मागं शाळेत गेलती. मास्तरनं गंमत म्हणून हिला बी हात वर करायला लावला. हिनं कान धरला, नुसता धरला नाय, पिळून दाखवला. मास्तर हसला आन लिवून मोकळा झाला. जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीत निम्म्या लोकांची एक जूनच हाय. त्या दिवशी सगळ्यांनी केक कापायचा म्हणलं तर आमच्या बजाजनगरातल्या बेकऱ्या पुरायच्या नाय. पण बाकीच्यांचं साल तरी जवळपास बसतं. हिची दोन वर्षं फुकटची वाढली.

त्या दोन वर्षांनी तिचं कधी काय बिघडलं नव्हतं. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, विशाखा झाली. बिघडलं ते माझा कचरू गेल्यावर.

कचरू माझा लेक. आधीची दोन लेकरं माझ्या हातून गेली, म्हणून ह्याचं नाव कचरू ठेवलं. कचरा म्हणलं की कुणाची नजर लागत नाय म्हणत्यात. खोटं हाय ते सगळं. सरकारी ऑफिसात शिपाई होता, पांढरी टोपी घालून साहेबाला चहा न्यायचा, संध्याकाळी येताना विशाखासाठी पेरू आणायचा. कावीळ झाली ती पोटात उतरली, आन पंधरवड्यात माणूस गेला. त्याला जाऊन चौथं वरीस लागलं. मी अजून बी पेरूवाल्याच्या गाडीकडं बघत नाय.

मयतीला सुलेखा रडली नाय. मला राग आलता, खोटं कशाला बोलू. मी ऊर बडवून घेत होते आन ही बाई कोपऱ्यात बसून विशाखाच्या केसांतून बोटं फिरवत होती. आलेल्या बायांना पाणी कुणी दिलं का, ते इचारत होती. मनात म्हणलं, काय काळजाची हाय का दगडाची?

मग ऑफिसातून निरोप आला. नवऱ्याच्या जागी बायकोला घेता येतंय. पण दहावी पास पाहिजे आन वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. दहावी नव्हती. वय होतं, पण मास्तरनं लिवलेलं. खऱ्या वयानं तिला दोन वर्षं जास्ती भेटली आसती. दाखल्यानं ती मोडून टाकली. म्हणजे काय, तर ह्या वर्षीच्या एक जूनला कागदावर पंचेचाळीस भरणार, त्याच्या आत ह्या बाईनं दहावी काढायची, नायतर जन्मभर कंपनीच्या कँटीनमधी चपात्या लाटायच्या. ठेकेदाराच्या मनात आलं तर त्या बी नाय. आन विशाखाला नर्स व्हायचंय.

सुलेखानं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

आता बघा, पहिल्या खेपेला काय झालं. मायलेकी एकाच मार्चात दहावीला बसल्या. सकाळी एकीची वेणी दुसरी घालायची आन दोघी दोन सेंटरला जायच्या. शेजारची सखूबाई, धनगराची हाय ती, लई प्रेमाची, तिनं दोघींना दही-साखर दिलं. निकाल लागला, पोरगी पास आन माय नापास. बाकी सगळे विषय निघाले, एकटं गणित ऱ्हायलं. हत्ती गेला आन शेपूट आडकलं म्हणत्यात ना, ते हेच. विशाखा स्वतःच्या पास होण्यावर रडली. मग तिनंच मायला ओरडून ओरडून शिकवलं, जुलैत पुन्हा पेपर दिला, पुन्हा गणितच गेलं. तव्हा ऑफिसात जागा बी मोकळी होती. आप्पासाहेब म्हणून क्लार्क हायेत तिथं, कचरूच्या हातचा चहा पिलेला माणूस, त्यांनी निरोप धाडला होता, वहिनींना म्हणावं आता पास व्हाच. पण नाय झालं. म्हणून मग हा मार्च. शेवटचा.

सुलेखाची कँटीनची पाळी दुपारी सुटायची. हात धुवायची, पण कणीक नखात ऱ्हायचीच. चहा घेऊन वट्यावर बसायची आन विशाखा कॉलेजातून आली की तिला शिकवायची. पोरगी शिकवणार, माय शिकणार, आन मी निवडायला भाजी घेऊन मधी बसणार. मला दोन इयत्ता येत्यात, पण इतकं ऐकलंय की मला आता कुणी बी झोपेतून उठवून इचारावं.

बेरीज-वजाबाकी तिला येत होती. समीकरण मांडून दिलं की सोडवायची बी झरझर. घोडं आडायचं ते शाब्दिक उदाहरणात. आन त्यात बी एकाच जातीच्या उदाहरणात, वयाच्या. जुलैच्या पेपरात बी तसलंच होतं म्हणं. ते उदाहरण मला तोंडपाठ झालंय. ‘वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा.’

पहिल्या दिवशी सुलेखा म्हणली, "पण ह्या माणसाला स्वतःचं वय माहीत नाय का? पोरीचं तरी?"

"माहीत नाय म्हणूनच एक्स धरायचा, आई."

"एक्स कशाला? आधार कार्ड बघ म्हणावं."

मी म्हणलं, "आधारवर बी कान धरूनच लिवलं आसंल." दोघी हसल्या. तव्हा हसू येत होतं.

मग दिवस गेले आन हसू गेलं. रोज तेच उदाहरण, आन रोज तीच चूक. विशाखा म्हणायची, मुलीचं वय एक्स, वडिलांचं तीन एक्स, इथवर बरोबर. आता बारा वर्षांनी काय? सुलेखा पोरीच्या वयात बारा मिळवायची. बापाच्या वयात मिळवायचीच नाय. उत्तर यायचं मुलगी चोवीस, बाप बहात्तर. पुस्तकाच्या मागं वेगळंच. विशाखा म्हणायची चुकलं, तर ही ताळा करून दाखवायची.

"बघ की. बारा वर्षांनी पोरगी छत्तीसची. छत्तीस दुणे बहात्तर. बाप बहात्तर. बसलं का नाय?"

"आगं, बाप बहात्तरच कसा ऱ्हाईल? बारा वर्षं गेली ना मधी!"

"हां, व्हय व्हय," सुलेखा म्हणायची, खोडायची, नवीन मांडायची, आन पुन्हा बाप बहात्तरच. आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येणार, आसं मी एकदा बोलून बी गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, माझी सवयच हाय ती. सुलेखा कागदाकडं बघत ऱ्हायली.

विशाखाचा पारा बापासारखा नाय, माझ्यासारखा हाय. मार्चातली परीक्षा जवळ आलती. एक दिवस तिनं पेन्सिल फेकली ती जाऊन सखूबाईच्या तुळशीत पडली.

"पोरीला बारा मिळवतेस, बापाला काहून नाय मिळवत? काय वाकडं केलंय त्यानं तुझं? शंभरदा सांगितलं, शंभरदा! तुला पास व्हायचंच नाय का?"

सुलेखा शांत होती. नळाला आज पाणी नाय, आसं सांगावं तसं तिनं सांगितलं, "पप्पाचं कुठं वाढतंय गं, विशू."

झालं. विशाखाचं तोंड उघडंच ऱ्हायलं. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच ऱ्हायली. आन मला तव्हा कळलं की ही बाई काळजाची हाय का दगडाची. चार वर्षं तिच्या मनात तो माणूस जसाच्या तसा उभा होता. पोरगी वाढत होती, पोरीच्या वयात ती दर वर्षी इमानदारीनं एक मिळवत होती, आन त्याच्या वयात कायच मिळवता येत नव्हतं. तिला समजत नव्हतं आसं नाय. हात चालत नव्हता.

खरं सांगू, माझा बी चालत नाय. माझं पोरगं एक्केचाळिसाचं गेलं. ते तिथंच थांबलंय आन मी त्याची माय, पुढं पुढं चाललेय. हे कुठलं गणित हाय, सांगा मला. मायचं वय वाढतंय आन लेकाचं वाढत नाय. आसं उदाहरण कोण्या मास्तरनं घालू नाय.

विशाखा आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता, तोंडात ओढणी घेतली होती तरी येत होता. सुलेखा उठून जाणार तर मी तिला खाली बसवलं. म्हणलं, रडू दे. थोड्या वेळानं पोरगी तोंड धुवून आली, दुसरी पेन्सिल घेऊन आली आन मायच्या जवळ बसली.

मग मीच म्हणलं, "विशे, त्या उदाहरणातला बाप काढ. मला घाल."

"आज्जी, पुस्तकात वडील दिलेत."

"पुस्तकाला काय कळतंय? पुस्तकाच्या घरी कोण मेलंय? मी बसलेय ना इथं जिवंत? माझ्या वयात मिळवा बारा वर्षं. बारा मिळवा, पंधरा मिळवा. मी काय इतक्यात जात नाय."

सुलेखा हसली. आधी हसली आन मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं. कागदावर तिनं लिवलं, आजी. आजीचं वय तीन एक्स. बारा वर्षांनी तीन एक्स अधिक बारा. पुढचं तिला येतच होतं. मुलगी बारा, आजी छत्तीस. विशाखानं पुस्तकाच्या मागं पाहिलं आन टाळी वाजवली.

"छत्तिसाव्या वर्षी बारा वर्षाची नात! आज्जी, कधी लग्न केलं होतंस तू?"

"आमच्या वेळंला होत होतं तसं," मी म्हणलं. "लई शाणपणा करू नको, दुसरं घाल."

त्या दिवसापासून सगळ्या उदाहरणांत मीच. कधी माझं वय नातीच्या पाचपट, कधी तीन वर्षांमागं सातपट. सुलेखा पेन्सिलीनं बारीक ‘आजी’ लिवायची, सोडवायची, आन सुटलं की खोडून वर ‘वडील’ लिवायची. विशाखा ओरडायची नाय. हाताला हात लावून बसायची नुसती. मार्चातल्या पेपरहून आली तव्हा दारातूनच सुलेखा म्हणली, "आत्याबाई, आला होता तसला प्रश्न. तुम्हाला घातलं मी." मी तिला मिठीच मारली. सुनेला मिठी मारायची आमच्यात काय रीत नाय, पण मारली.

आन ती पास झाली. गणितात काठावर, पण पास. सखूबाईनं आख्ख्या लाइनीला वराडून सांगितलं. कँटीनमधल्या बायांनी सुपरवायझरला न जुमानता हिला खुर्चीवर बसवून स्वतः चपात्या लाटल्या. गुणपत्रक हातात यायला मे संपत आला, पण जून उजाडायच्या आत आलं. आम्ही म्हणलं, गंगेत घोडं न्हालं.

दुसऱ्या दिवशी मी आन सुलेखा शेअर रिक्षानं बाबा पेट्रोल पंपापर्यंत गेलो, तिथून पुढं ऑफिसात. तिनं लग्नातली निळी साडी नेसली होती. मी बरोबर गेले कारण मला माझ्या लेकाची खुर्ची बघायची होती. शिपायाला खुर्ची कसली, स्टूल होतं. पॅसेजमधी होतं ते. त्यावर आता दुसरंच कोणीतरी बसलेलं.

आप्पासाहेब उठून उभे ऱ्हायले आम्हाला बघून. चांगला माणूस, त्यांना काय मी नावं ठेवणार नाय. चहा मागवला. गुणपत्रक हातात घेतलं, लांबून जवळून बघितलं, "वा वहिनी, वा," म्हणले. मग त्यांचं बोट आमच्या फाइलवरल्या जन्मतारखेवर गेलं आन तिथंच थांबलं.

"वहिनी, जुलैतली ती जागा भरली गेली. आता नव्या जागांची बैठक जूनच्या शेवटाला हाय. त्यानंतर ऑर्डर निघंल."

"मग तोवर थांबू की," सुलेखा म्हणली.

"थांबून चालत नाय. ऑर्डर निघायच्या दिवशी वय आत बसावं लागतंय. एक जूनला तुमची पंचेचाळीस पूर्ण व्हत्यात. नाव आपोआप यादीतून निघतं."

आम्हाला वाटलं होतं एक जूनच्या आत पास व्हायचं. पास झालं की झालं. पास होणं येगळं आन ऑर्डर निघणं येगळं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही बी इचारलं नाय. आम्हाला काय ठावं, काय इचारायचं ते?

मी लई बोलले. म्हणलं, साहेब, ही पोरगी खऱ्या हिशोबानं त्रेचाळीसची हाय. मास्तरच्या गमतीनं दोन वर्षं वाढवली हिची. मी बघितलीय ना हिला लहानपणी, माझ्या भावाच्या गावची हाय ही. मी सांगते ना! लोकं केबिनातून डोकावायला लागली. आप्पासाहेब खाली मान घालून म्हणले, "मावशी, दाखल्यावर जे हाय तेच वय. बदलायचं तर शाळा सोडायच्या आधी बदलायचं होतं. आता देवानं सांगितलं तरी बदलत नाय." सरकारी काम आन सहा महिने थांब म्हणत्यात. हितं तर महिनाभर बी थांबायची सोय नव्हती.

सुलेखानं माझा दंड धरला. "चला, आत्याबाई. चहा घ्या आन चला." तिनं स्वतःचा चहा सगळा पिला. कप उचलून ती पॅसेजमधी गेली, तिथल्या बेसिनात विसळला आन ट्रेमधी पालथा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. त्या स्टुलावरचा माणूस बघतच ऱ्हायला.

रिक्षात ती रडली. नवऱ्याच्या मयतीला न रडलेली बाई भर दुपारी, आनोळखी दोन माणसं समोर बसलेली आसताना, हुंदके देऊन रडली. "त्यांना सांगणार होते मी," आसं काहीतरी बोलत होती. "तुमच्या जागेवर आले म्हणून सांगणार होते." मी तिला उगी म्हणलं नाय. तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आन समोरच्या माणसांना म्हणलं, "काय बघताय? बाहेर बघा."

बजाजनगरात उतरलो तर आमच्या दारात ही गर्दी. सखूबाईनं पेढे आणलेले, कुणी हार आणला, लाइटीच्या खांबाला पोरांनी फुगे बांधलेले. ‘सुलेखाताई पास’ म्हणून पुठ्ठ्यावर लिवलं होतं. सुलेखानं रिक्षातच पदरानं तोंड पुसलं होतं. ती खाली उतरली, हार घालून घेतला, पेढा खाल्ला. "मग जॉइन कधी?" कुणीतरी इचारलं. "सायेब म्हणले, कळवतो," ती म्हणली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझा पेढा पदराच्या गाठीत बांधला.

विशाखा टाळ्या वाजवत नव्हती. तिनं मायचं तोंड बघितलं आन तिला कळलं. लेकीला सांगावं लागत नाय. तिनं तिला हाताला धरून आत नेलं, मी मागून गेले आन दार लोटलं.

सुलेखानं चार शब्दांत सांगितलं. विशाखा भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे जुलैत पास झाली आसतीस तर लागली आसतीस."

सुलेखानं गुणपत्रक पिशवीतून काढून फळीवर ठेवलं.

"मी ओरडत होते तुझ्यावर. जुलैच्या आधी बी. तू बापाचं वय वाढवत नव्हतीस आन मी नुसती ओरडत होते. तव्हाच एकदा नीट इचारलं आसतं, आई, काहून नाय वाढवत... तव्हाच कळलं आसतं मला. माझ्यामुळं गेलं हे. माझ्यामुळं."

सुलेखा तिच्यासमोर बसली. गळ्यात हार तसाच होता. तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"गप," ती म्हणली. "माझ्या पोरीला कुणी काय बोलायचं नाय. तू बी नाय."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी तिथं काय करणार? मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आन वट्यावर दाराला पाठ लावून बसले. सखूबाई पेढ्याचा पुडा घेऊन आत निघाली होती. मी पाय आडवा घातला.

"पोरी दमल्यात, सखू," म्हणलं, "उद्या ये."